गाइडमध्ये नसलेले प्रश्न

पत्राचा सारांश: हडपसर परिसरातील एका मराठी माध्यमाच्या शाळेत आठवीला मराठी शिकवणाऱ्या शिक्षिकेचे हे पत्र आहे. वर्गात ५८ मुले, तासिका ३५ मिनिटांची. कवितेच्या तासाला मुले मान खाली घालून बसतात आणि 'कवीला काय म्हणायचे आहे?' असे विचारले की ठरलेले चार-पाच हात वर होतात. एका प्रशिक्षणाहून आल्यावर त्यांनी सहा-सहा मुलांचे गट केले, कार्डशीट वाटले आणि चर्चा करून कवितेचा भावार्थ लिहायला सांगितला. बाके सरकवण्यातच दहा मिनिटे गेली, प्रत्येक गटात एकाच मुलीने गाइडमधून उतरवून काढले, बाकीच्यांनी दंगा केला आणि शेजारच्या वर्गावरचे सर तक्रार घेऊन आले. एक ज्येष्ठ सहकारी म्हणतात, "चालीवर म्हणून घ्या, अर्थ सांगा, प्रश्नोत्तरे द्या आणि मोकळ्या व्हा." मुख्याध्यापिकांचे लक्ष चाचणीच्या गुणांवर आहे. "मुलांना कवितेची आवडच नसेल, तर हा खटाटोप मी कशासाठी करू?" असे त्या विचारतात.

बाई,

तुमच्या पत्रात एक तपशील ओझरता आला आहे आणि माझ्या मते सगळी मेख तिथेच आहे. गटांना तुम्ही 'चर्चा करून भावार्थ लिहा' असे सांगितलेत. आता त्या मुलांच्या बाकावर बसून पाहा. भावार्थ एकच असतो, तो बाईंना ठाऊक असतो, गाइडमध्ये छापलेला असतो आणि परीक्षेत तोच लिहिला की गुण मिळतात, हे ती गेली कित्येक वर्षे पाहत आली आहेत. ज्याचे उत्तर दप्तरात तयार आहे, त्यावर सहा जणांनी डोके कशासाठी खपवायचे? जिचे अक्षर चांगले तिने लिहिले, उरलेल्या पाच जणांना काम उरले नाही म्हणून त्यांनी गप्पा मारल्या. दिलेले काम पाहता मुले व्यवहाराने वागली असेच मी म्हणेन. गटात बसवले म्हणजे एकत्र शोध सुरू होतो, ही समजूत प्रशिक्षणांतून फार सहज पसरते; गटाला पडलेला प्रश्न एकट्याने सुटणारा असेल किंवा आधीच सुटलेला असेल, तर गट म्हणजे केवळ बसण्याची वेगळी पद्धत ठरते.

मुलांना कवितेची आवड नाही, हे तुमचे दुसरे गृहीतक. तेही मला तपासून पाहावेसे वाटते. याच मुलांना गणपतीच्या आरत्या एकही शब्द न चुकता पाठ आहेत. मोबाईलवरचे रॅप त्यांतल्या यमकांसकट ती मधल्या सुट्टीत म्हणतात, आणि एखाद्याचा ठेका चुकला तर त्याला हसतात, म्हणजे लयीची त्यांची जाणीव पक्की आहे. शिवाय तुम्ही तर हडपसरला आहात. ज्ञानेश्वर आणि तुकाराम महाराजांच्या पालख्या पुण्याचा मुक्काम आटोपून तुमच्या भागापर्यंत एकाच वाटेने येतात आणि तिथून एक दिवे घाटाकडे, दुसरी लोणी काळभोरकडे वळते. तुमच्या वर्गातल्या बहुतेकांनी टाळ-मृदंगाच्या साथीने अभंग रस्त्यावर उभे राहून ऐकला असणार. मुले कंटाळली आहेत ती कवितेच्या तासाला, आणि तास कसा घ्यायचा हे बऱ्याच अंशी तुमच्या हातात आहे.

इथे तुमच्या ज्येष्ठ सहकाऱ्यांची बाजू घेणे मला भाग आहे. 'चालीवर म्हणून घ्या' हे त्यांचे सांगणे जुनाट म्हणून सोडून देऊ नका. कविता आधी कानावर पडली पाहिजे, एकदा तुमच्या तोंडून आणि एकदा सगळ्या वर्गाच्या. ज्या मुलाला वाचायला जड जाते, तोसुद्धा सामूहिक म्हणण्यात मिसळून जातो आणि पुढच्या चर्चेत त्याच्या हाताशी निदान शब्द तरी असतात. त्यांच्या क्रमातली 'म्हणून घ्या' ही पहिली पायरी तशीच ठेवा. 'अर्थ सांगा' ही दुसरी पायरी मात्र पुष्कळ मागे ढकला.

मग मध्ये काय करायचे? अमेरिकेत मॅथ्यू लिपमन या तत्त्वज्ञानाच्या प्राध्यापकांनी १९७० च्या दशकात शाळकरी मुलांबरोबर जे काम केले, त्याचा गाभा साधा होता: सर्वांनी मिळून काही वाचायचे, प्रश्न मुलांनी काढायचे, त्यांतला एक वर्गाने निवडायचा आणि एकमेकांच्या म्हणण्याला कारणे देत, कारणे मागत पुढे जायचे. शिक्षकाने उत्तर पुरवायचे नाही, विचार ढिला पडू द्यायचा नाही. कवितेला ही रीत चांगली मानवते, कारण चांगल्या कवितेत काही जागा मोकळ्याच सोडलेल्या असतात. मात्र पहिल्याच दिवशी 'या कवितेविषयी प्रश्न विचारा' असे म्हटलेत, तर ५८ जण तुमच्याकडे टकमक पाहत राहतील. म्हणून सुरुवात अशा शोधापासून करा, जिथे बरोबर आणि चूक मुलांना स्वतः पडताळून पाहता येते.

उदाहरणादाखल एक तास मांडून दाखवते. फळ्यावर हरिपाठातल्या पहिल्या अभंगाचे सुरुवातीचे कडवे चार ओळींत लिहा: देवाचिये द्वारी / उभा क्षणभरी / तेणे मुक्ति चारी / साधियेल्या. दोनदा म्हणून घ्या. अभंगाचा नियम सांगू नका. 'यात एक नियम लपलेला आहे, तो काढून दाखवा' एवढेच सांगा. मुले बोटांवर अक्षरे मोजू लागतील. 'द्वा' एक की दोन, 'क्ष' एक की दोन, यावर वाद होईल. तो होऊ द्या, कारण जोडाक्षर एकच धरले नाही तर हिशेब जुळत नाही, हे त्यांचे त्यांनाच कळेल. थोड्या वेळात नियम येईल: सहा, सहा, सहा, चार आणि पहिल्या तीन ओळींना यमक. त्यांचाच नियम त्यांच्याच शब्दांत फळ्याच्या कोपऱ्यात लिहून ठेवा. मग शेजारी तुकोबांचा अभंग लिहा: सुंदर ते ध्यान / उभे विटेवरी / कर कटावरी / ठेवोनिया. अक्षरांचा हिशेब जुळतो, पण 'ध्यान' यमकात बसत नाही. नियम दुरुस्त करावा लागतो: यमक दुसऱ्या आणि तिसऱ्या चरणाचे, पहिल्याचे जुळले तर जुळले. ही दुरुस्ती झाली, की 'जे का रंजले गांजले / त्यासि म्हणे जो आपुले' लिहा. इथे प्रत्येक चरणात आठ अक्षरे येतात आणि मघाचा सगळा हिशेब कोलमडतो. अभंगाचे मोठा आणि लहान असे दोन प्रकार आहेत, हे आता सांगितलेत तर ते ऐकायला वर्ग अधीर झालेला असेल. व्याकरणाच्या पुस्तकात चार ओळींत संपणारी माहिती एका तासाला पुरते, आणि तिच्यासाठी कोणतेही गाइड उपयोगी पडत नाही.

या तासात बाके हलवू नका. पुढच्या बाकावरच्या दोघांनी मागे वळून बसायचे, की चौघांचा गट तयार. सहा जणांच्या गटात दोघे नेहमीच सुटतात. चौघांत लपायला जागा कमी. आणि गटात बोलण्यापूर्वी प्रत्येकाने एक मिनिट गप्प राहून वहीच्या मागच्या पानावर स्वतःचे काहीतरी लिहायचे, ही अट सोडू नका. ठरलेले चार-पाच हात वर होतात ही तुमची तक्रार निम्मी इथेच मिटेल, कारण जो हात वर करत नाही त्याच्याकडेही वाचून दाखवायला एक ओळ असेल.

हातांचा विषय निघालाच आहे, तर आणखी एक गोष्ट. मेरी बड रो या संशोधिकेने १९७० च्या दशकात वर्गांतल्या संवादांची ध्वनिमुद्रणे तपासली, तेव्हा असे दिसले की प्रश्न विचारल्यावर शिक्षक सरासरी सेकंदभरच थांबतात आणि मग दुसऱ्याला विचारतात किंवा स्वतःच उत्तर देतात. हेच थांबणे तीन सेकंदांपर्यंत किंवा त्याहून अधिक वाढवले, तेव्हा उत्तरे लांबली, कारणे देणे वाढले आणि एरवी गप्प राहणारी मुलेही बोलू लागली. तीन सेकंद म्हणजे काहीच नाही असे वाटेल. ५८ मुलांसमोर फळ्याजवळ उभे राहून ते काढून पाहा, फार लांब वाटतात. पैसे, साहित्य, परवानगी यांतले काहीही न लागणारा हा बदल तुम्ही उद्यापासून करू शकता.

अक्षरे मोजण्याच्या तासानंतर अर्थाकडे वळणे सोपे जाते. पुन्हा तोच हरिपाठाचा अभंग घ्या आणि या वेळी प्रत्येकाला 'मला न कळलेले किंवा विचित्र वाटलेले' काहीतरी प्रश्नाच्या रूपात लिहायला सांगा. चौघांच्या गटाने चारांतला एक निवडायचा आणि फळ्यावर लिहायचा. साधारण चौदा-पंधरा प्रश्न जमतील. काही शब्दार्थाचे असतील, जसे की चार मुक्ती कोणत्या. त्यांची उत्तरे तुम्ही चटकन देऊन टाका, सलोकता, समीपता, सरूपता आणि सायुज्यता, कारण शब्दकोशातल्या गोष्टीसाठी वर्गाला ताटकळत ठेवण्यात काही शहाणपण नाही. पण एखादा प्रश्न असा येतो, की तो आल्यावर तास तुमच्या हातून मुलांच्या हाती जातो. 'देवाच्या दारात उभे राहायचे म्हणतात, आत का जायचे नाही?' असे कुणीतरी विचारेल. कुणी म्हणेल, क्षणभर उभे राहिले तरी पुरते, एवढेच सांगायचे आहे. कुणी म्हणेल, गर्दी असेल. आणि कुणाला तरी, घरी ऐकलेले असल्यामुळे, हेही आठवेल की काही माणसांना आत जाऊच दिले जात नव्हते.

इथे शिक्षकाची खरी कसोटी आहे, म्हणून थोडे थांबून लिहिते. वगळल्या गेलेल्या माणसांचा या ओळीत उल्लेख नाही, हे स्पष्ट सांगणे तुमचे काम आहे. तसेच तो प्रश्न विषयाबाहेरचा म्हणून झटकून टाकू नये, हेही. चोखोबांची समाधी पंढरपूरच्या मंदिराच्या महाद्वारापाशी आहे आणि ते मंदिर दलितांना खुले व्हावे म्हणून साने गुरुजींनी १९४७ च्या मे महिन्यात तिथे उपोषण केले, या दोन गोष्टी आठवीच्या मुलांना सांगता येतात आणि सांगाव्यात. कवितेत काय आहे आणि वाचताना आपण काय घेऊन येतो, ही दोन खाती वेगळी ठेवायला मुलांना शिकवण्याचा याहून चांगला प्रसंग मिळणार नाही. एक पथ्य मात्र कसोशीने पाळा: वर्गातल्या कुणाकडे वळून 'तुझ्या घरी काय सांगतात?' असे विचारू नका. कुणी आपणहून सांगितले तर सगळ्यांनी ऐकायचे. मागून घ्यायचे नाही.

चर्चेच्या गप्पा होऊ नयेत, यासाठी तुमच्या हाताशी एकच प्रश्न पुरेसा आहे: 'कोणत्या शब्दावरून?' मुलाने काहीही म्हटले तरी त्याने ओळीतला शब्द दाखवायचा. दाखवता आला नाही, तर ते मत खोटे ठरत नाही, फक्त फळ्यावर वेगळ्या रकान्यात जाते. काही तासांनी मुले हा प्रश्न एकमेकांना विचारू लागतील आणि कधीतरी तुम्हालाही विचारतील. त्या वेळी रागावू नका.

सगळ्याच मुलांना अभंगांपासून सुरुवात करणे रुचेल असे नाही. तुमच्या वर्गात वेगवेगळ्या धर्मांची आणि घरी हिंदी, कन्नड किंवा तेलुगू बोलणारीही मुले असतील. त्यांच्यासाठी, किंबहुना सर्वांसाठीच, जात्यावरच्या ओव्या हा फार मोलाचा साठा आहे. पुण्यातच हेमा राईरकर आणि गी पॉयट्व्हँ यांनी सहकाऱ्यांसह गावोगावच्या बायकांकडून एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. त्यांतल्या पुष्कळ आता 'पारी' या ग्रामीण भारताच्या ऑनलाइन संग्रहात ध्वनिमुद्रणासह ऐकायला मिळतात. या ओव्यांना गाइड नाही आणि त्या रचणाऱ्या बायकांपैकी कितीतरी जणींना लिहिता-वाचता येत नव्हते, या दोन्ही गोष्टी आपल्या कामाच्या आहेत. चौघांच्या गटात चार वेगळी कामे द्या. एकाने ओवी ऐकून लिहून काढायची, दुसऱ्याने त्यातल्या न कळलेल्या शब्दांची यादी करायची, तिसऱ्याने घरच्या किंवा शेजारच्या वयस्कर बाईला विचारून यायचे आणि चौथ्याने दुसऱ्या भाषेतले दळणाचे, कांडणाचे किंवा अंगाईचे गाणे मिळते का ते पाहायचे. कुणाचाही तुकडा गळला तर गटाचे काम अडते, त्यामुळे एकीने लिहायचे आणि बाकीच्यांनी पाहायचे, हा प्रकार होत नाही. 'खुंटा' मुलांना तर्काने कळेल. 'वैरण' म्हटले की त्यांना गुरांचा चारा आठवेल, आणि जात्याच्या तोंडात घालायच्या मूठभर धान्यालाही वैरण म्हणतात हे एखाद्या मुलाची मुळशीची किंवा भोरची आजी सांगेल. ज्या आजीला शाळेने आजवर कधी काही विचारले नाही, तिच्याकडे वर्गाला अडलेले उत्तर असते, हे मुलांनी पाहिलेले बरे.

आता गोंगाट. काम चालू असलेल्या वर्गाचा आवाज असतो आणि तो शेजारच्या सरांना ऐकू येणार, हे खरे आहे. त्यांना आदल्या दिवशी सांगून ठेवा. जमले तर त्यांचा वर्ग मैदानावर असेल तो तास निवडा. कार्डशीट, रंगीत पेन, सजावट यांना सध्या सुट्टी द्या.

परीक्षेची काळजी रास्त आहे, पण तिचा आणि या कामाचा उभा दावा आहे असे मला वाटत नाही. कृतिपत्रिकेत, म्हणजे कृतींवर आधारलेल्या प्रश्नपत्रिकेत, काव्यसौंदर्याच्या आणि अभिव्यक्तीच्या कृती असतात आणि तिथे मुलांचे स्वतःचे म्हणणे अपेक्षित असते. पाठ केलेले उत्तर प्रश्न थोडा फिरवला की अडते. 'कोणत्या शब्दावरून' हे विचारण्याची सवय झालेले मूल तिथे निदान चार वाक्ये स्वतःची लिहिते. शिवाय आठवीला आकारिक, म्हणजे वर्षभर चालणारे, मूल्यमापन आहेच. तोंडी काम, उपक्रम, प्रकल्प ही त्याची साधने कागदोपत्री भरण्यासाठी आपण दरवर्षी धावपळ करतो. या तासांतल्या वह्यांची मागची पाने आणि ओव्यांच्या नोंदी त्या रकान्यांसाठी खऱ्याखुऱ्या नोंदी ठरतील.

तरीही प्रत्येक कविता अशी शिकवा, असे मी सुचवणार नाही. पोर्शन संपवायचा असतो आणि तुमच्या ताकदीलाही मर्यादा आहे. एका सत्रात दोन कविता अशा घ्या, ज्यांत मुलांना खरोखर अडखळायला होईल. बाकीच्या तुमच्या सहकाऱ्यांच्या रीतीने घ्या, फक्त अर्थ सांगण्याआधी दोन मिनिटे मुलांचे प्रश्न ऐका. सगळे सोडून पूर्वीसारखे शिकवणे हा पर्यायही तुमच्यासमोर आहे आणि घरच्या अडचणींच्या एखाद्या वर्षी तो स्वीकारला, तर त्यात कमीपणा नाही. पण तुमचे पत्र वाचून तुम्हाला तो मनापासून हवा आहे असे वाटत नाही. हिंदी, इंग्रजी किंवा संस्कृत शिकवणाऱ्यांनाही हा बेत थोड्या फरकाने उपयोगी पडेल. अक्षरांऐवजी हिंदी-संस्कृतात मात्रा किंवा गण आणि इंग्रजीत आघात मोजायचे, इतकेच.

मुख्याध्यापिकांना पहिल्या तासाला बोलावू नका. पहिला तास विस्कटेल, दुसऱ्यात मुले जरा सावरतील. तिसऱ्या-चौथ्या वेळी त्यांना मागच्या बाकावर बसायची विनंती करा आणि त्यांच्या हातीही एक कोरा कागद देऊन इतरांसारखाच एक प्रश्न लिहायला सांगा. तास संपल्यावर मुलांनी काढलेल्या प्रश्नांची पाने त्यांच्यासमोर ठेवा आणि पुढच्या चाचणीतला एक प्रश्न या पानांतून घ्यायची परवानगी मागा.